पेन्सिलची खूण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाय. बायको असती तर तिला तरी सांगितलं असतं का? नसतंच. तिनं नुसतं तोंड बघून ओळखलं असतं, ते वेगळं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि वहिनींनाही नाही.

मी मुकुंदवाडीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचो. शेजारी अण्णा, रेल्वेतले रिटायर गार्ड, आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी. आमची दोघांची घरं रुळाला लागूनच. मालगाडी गेली की मांडणीतली भांडी वाजतात. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात काढली, तर म्हातारपणी माणसाला इंजिन चालवावंसं वाटणारच की. बाहेरच्या खोलीत टेबलावर त्यांनी छोटे रूळ मांडले. मी जुना ट्रान्सफॉर्मर जोडून दिला. नॉब पुढं केला की गाडी पळायची, मागं घेतला की थांबायची. साधा हिशेब.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, वर्षानं — ती पुण्याला असते — एक डिजिटल इंजिन आणलं. पोटात चिप, तोंडाला दिवा, खराखुरा भोंगा. त्याचा कंट्रोलर निराळा असतो, पण अण्णांना हातात तो जुनाच नॉब पाहिजे. जुन्या करंटवर ते चालतं, फक्त एक खोड आहे. नॉब थोडा फिरवला की आधी चिप जागी होते. दिवा लागतो, घरघर सुरू होते, भोंगा वाजतो — चाक मात्र हलत नाही. चाकासाठी नॉब अजून पुढं न्यावा लागतो. त्या मधल्या जागी मी पेन्सिलनं खूण केली होती. अण्णा हसायचे, म्हणायचे, "जागं आहे, पण निघत नाय."

अण्णा गेले. तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, एकदा गाडी फिरवा, हे फिरवायचे तशी." मी फिरवली. मग नॉब मागं घेतला — आणि हात त्या खुणेवर थांबला. सवयीनं? असेल. रुळावर मळ धरला होता, इंजिन मळक्या तुकड्यावर थांबलं, करंट तुटला, सगळं गप्प. मला वाटलं, बंद झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथंच चहा घेत होतो. दुपारचे चार वाजले असतील. बाहेरून मालगाडी गेली, टेबल थरथरलं. आणि टेबलावरच्या इंजिनाचा दिवा लागला. घरघर सुरू झाली. भोंगा वाजला. जागचं हललं नाही ते — उभ्या उभ्या नुसतं आमच्याकडं बघत राहिलं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? मालगाडी लांब गेली, तसा दिवा विझला.

वहिनींनी कप खाली ठेवला. "आलात?" म्हणाल्या. मला नव्हे.

मग माझ्याकडं वळल्या. "भावजी, हे कसं झालं हो?"

तोवर मला कळलं होतं. नॉब खुणेवरच राहिला होता; हादऱ्यानं चाक रुळाला टेकलं, चिपला करंट मिळाला, बस. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आयुष्यभर लोकांना हेच तर समजावून सांगत आलो — तार सुटलीय, सोल्डर उडालाय. मी म्हणालो, "मला नाय कळत, वहिनी."

त्या हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणून बोललो का मी? लई दिवस स्वतःला हेच सांगत होतो. पण तसं नव्हतं. वर्षा त्यांना पुण्याला न्यायला बसली होती, आणि त्या गेल्या असत्या तर मला चार वाजता चहा कोणी दिला असता? माझ्या घरात कोण होतं? खरं कारण एवढंच, एवढंसं.

आणि मी एकदा खोटं बोलून थांबलो नाही. दर शनिवारी मी रूळ पुसायचो, अण्णा होते तेव्हापासून. आता इंजिनाखालचा तो दोन बोटं मळका तुकडा तेवढा सोडून पुसायला लागलो. कामवाल्या बाईनं प्लग काढला की मी गुपचूप परत लावायचो. नॉब खुणेवर आहे का, हे रोज बघायचो.

वर्षाचं बाळंतपण आलं. आईशिवाय बाळंतपण! ती फोनवर रडली. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना एकटं टाकून कशी येऊ गं?" मी समोरच बसलो होतो. बशीत चहा ओतत होतो.

दोन वर्षं त्या गेल्या नाहीत. दुपारी टेबलासमोर अण्णांच्या खुर्चीत बसायच्या, रुळाशेजारी दुसरा कप ठेवून. तिथंच गेल्या, बसल्या बसल्या. वर्षाही रुसून आली नाही; नातवाला त्यांनी फक्त मोबाइलमध्ये पाहिलं. कडेवर एकदाही घेतलं नाही.

तेराव्याला वर्षा पोराला घेऊन त्या खुर्चीत बसली होती. "काका, आईला तुमचाच आधार होता," म्हणाली. माझ्याच्यानं मान वर होईना. तेवढ्यात बाहेर मालगाडी आली. टेबल थरथरलं. दिवा लागला, भोंगा वाजला, पोरानं टाळ्या पिटल्या.

वर्षा पांढरीफटक पडली. "काका... हे कसं?"

प्लग हाताच्या अंतरावर होता. मी म्हणालो, "मला नाय कळत, बेटा."

घर विकायचं ठरलं होतं, ते तिनं रद्द केलं. आता दर महिन्याला पुण्याहून येते, पोराला नवऱ्याकडं ठेवून, एकटी. चार वाजता खुर्चीत बसते. "कोणाला हात लावू देऊ नका," असं सांगून किल्ली माझ्याकडं देऊन जाते. काल शनिवार होता. मी रूळ पुसून आलो, तो तुकडा सोडून.