झेरॉक्सला जाणारी वही

माझं अक्षर चांगलं आहे. हे मिरवायला सांगत नाही. अडचण तिथूनच सुरू झाली म्हणून सांगते.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. गाव कळमनुरी तालुक्यात, कॉलेज हिंगोलीत, येणं-जाणं एसटीने. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला तेव्हा कॉलेजात नोट्स कशा काढतात हे विचारायला घरात कुणी नव्हतं. म्हणून शाळेत करत आले तेच केलं. सर बोलतील ते सगळं लिहायचं, मथळ्याखाली पट्टीने रेघ मारायची, समास कोरा ठेवायचा. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर या विषयाच्या सरांनी एकदा माझी वही उचलली आणि सगळ्या वर्गाला दाखवली. तेव्हापासून दर शनिवारी ती वही डेपोजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊ लागली. मागच्या तासाला कुठे थांबलो होतो हे सरही कधी कधी माझ्याच वहीत बघायचे.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कॉलेजात मला कुणी ओळखत नव्हतं, आता मुलं नावाने हाक मारायला लागली. पण हळूहळू ती वही माझी राहिली नाही. खाडाखोड करता येईना. झेरॉक्समध्ये काळा डाग पडतो. मराठीत काही लिहिता येईना. एखाद्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकावं, तर मला काय कळलं नाही ते अख्ख्या वर्गाला दिसणार. त्यामुळे न कळलेलं वाक्यही मी कळलेल्या वाक्याइतक्याच ठळक अक्षरात लिहीत गेले. सर फळ्यावर चौकोन काढून एकाकडून दुसऱ्याकडे बाण न्यायचे, तेव्हा मी आधीचं वाक्य पुरं करत असायचे. मान वर करेपर्यंत फळा पुसलेला असायचा.

त्याच विषयाच्या चाचणीत मी नापास झाले. माझ्या बाकावरची मैत्रीण पास झाली. तासाला ती मोबाईल बाकाखाली धरून बसायची, आणि घरी निवांत माझी झेरॉक्स वाचायची.

"तुझंच वाचून पास झाले गं मी," ती हसत म्हणाली. "तू काहून न्हाई वाचलंस?"

मी वाचलं होतं. पण वाचताना मला माझं अक्षरच दिसायचं, त्याच्या आतलं काही दिसायचं नाही. हे तिला सांगितलं असतं तर ती आणखी हसली असती. वाईट मनाने नाही, पण हसली असती.

पहिल्या वर्षाचा एक विषय आधीच राहिला होता. हाही राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता, वर्षभर घरी बसावं लागणार होतं. आमच्या गल्लीत वर्षभर घरी बसलेली एकही मुलगी परत कॉलेजात गेलेली मी पाहिली नाही. कॉलेजातून कुणी काढून घेत नाही. घरातली कामं तिच्या अंगावर येतात आणि मग ती तिचीच होऊन जातात. सुट्टीत मलाही ते दिसायला लागलं होतं.

एका तासाला सर लिंक्ड लिस्टमधला, म्हणजे बाणांनी जोडलेल्या चौकोनांच्या साखळीतला, मधला नोड काढायचा कसा ते सांगत होते. त्या दिवशी, का कोण जाणे, माझा पेन थांबला आणि मी नुसती फळ्याकडे बघत राहिले. आधीच्या चौकोनातला बाण, म्हणजे पॉइंटर, मधल्याला ओलांडून पुढच्याला लावायचा, आणि मगच मधला काढायचा. मला आमचा ओढा आठवला. हळदीच्या निंदणीला जाताना आई आणि तिच्याबरोबरच्या बाया एकीचा हात एकीने धरून पाणी ओलांडतात. मधली कुणी परत फिरणार असली, तर तिच्या मागची बाई आधी पुढचीचा हात धरते, मग मधलीचा सोडते. घाईने आधीच सोडला, तर पुढच्या सगळ्या एकट्या पडतात. मी समासात मराठीत लिहिलं: आधी पुढचीचा हात धर, मग मधलीला सोड. खाली वाकड्यातिकड्या चार बाया काढल्या.

त्या तासाचं बाकी काहीच मी लिहिलं नव्हतं. शनिवारी ते पान तसंच झेरॉक्सला गेलं. संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर माझ्या चार बाया फिरत होत्या. एकाने विचारलं, यातली पॉइंटर कोणती? दुसऱ्याने लिहिलं, मधली माहेरी चालली. मला एसटीत बसल्या जागी रडायला आलं, आणि तिथे रडायलाही जागा नव्हती.

सोमवारी सरांनी बोलावलं. ते रागावले नाहीत, हे सांगायला हवं. मुलांचा गोंधळ होतो म्हणाले, तू पहिल्यासारखं फेअर लिहून दे, स्वतःसाठी वेगळी वही कर. मी मान हलवली. पंधरवडाभर दोन वह्या लिहिल्या. तासाला वर्गासाठी, घरी गेल्यावर माझ्यासाठी. पण तासाला ऐकलेलंच नसायचं, मग घरी माझ्या वहीत लिहिणार काय?

शेवटी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरले.

"सर, मला वही देता येणार नाही. लिहीत बसले की ऐकायचं राहून जातं. मी नापास होईन."

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "अगं, मला वाटायचं तुला सगळं येतं."

त्यानंतर वर्गात मला फारशा हाका आल्या नाहीत. पुढे पुढे मी कमी लिहीत गेले. तासाला अर्धं पानही भरायचं नाही. त्यात बाण, खोडलेल्या ओळी, मराठीत विचारलेले प्रश्न. रोज वाटायचं, आपलं काहीतरी सुटतंय, आणि ते परत मिळणार नाही.

मी पास झाले, काठावर. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश झाला. घरी निकाल सांगितला तेव्हा बाबांनी वही मागितली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण माझ्या वह्या चाळायला त्यांना आवडतं. त्यांनी पानं उलटली, अर्धी कोरी, अर्धी खोडलेली.

"लय कमी लिहून राहिली बाई तू," ते हळू आवाजात म्हणाले. "कॉलेजात लक्ष हाय ना?"

हाय बाबा, म्हटलं. मग त्यांच्या हातातल्या वहीत चार बायांचं पान उघडून दिलं.