आत्यानं निवडलेला कॉश्च्यूम

कोपरा फाडलेलं कार्ड जिन्यातच हातात पडलं. तलावावरचा बायकांचा तास संपवून मी घरी येत होते, केस अजून ओले होते. आत्याच्या धाकट्या जावेनं, पारूबाईंनी, मुळशीहून कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या चार ओळी होत्या... अनसूया चार दिवसांच्या तापानं गेली, दहाव्याला यावं. असली कार्डं घरात न्यायची नसतात, म्हणून ते तिथंच फाडलं आणि वर जाऊन अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. त्यांची ही एकुलती एक बहीण. ते खिडकीशी जाऊन बसले आणि म्हणाले, "धरण पोहून जायची आमची अनसा." त्यानंतरच्या पाच आठवड्यांत भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच वाक्य ऐकवलं आहे. मी आत चहा टाकत असते आणि दर वेळी माझे दात आवळले जातात.

वाक्य खरं आहे, म्हणूनच राग येतो. अनसाआत्या बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि मुळशीला सासरीच राहिली. सासरची चांगली जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली. उरलेला तुकडा पलीकडच्या काठावर, तिथलं गवत कापायला ती पोहत जायची आणि भारा होडीत टाकून पुन्हा पोहत यायची. मे महिन्याच्या सुटीत मी तिच्याकडे असे. पाठीला दोन वाळके भोपळे बांधून तिनंच मला पाण्यात ढकललं. पाण्यात काय घालायचं याबद्दल ती फार कडक होती. कासोटा इतका आवळायचा की आत बोटही शिरू नये, पदर कमरेला दोन वेढे देऊन खोचायचा, हातात बांगडी नको, गळ्यात दोरा नको. बुडालेल्या झाडांची खोडं खाली तशीच उभी होती आणि लोंबणारं काहीही त्यांत अडकतं, असं ती सांगे. डोक्याला मात्र लाल फडकं हवंच, होडीवाल्याला लांबून दिसायला.

पुण्यातल्या आमच्या तलावावर पुढच्या उन्हाळ्यापासून बायकांचा तास सुरू करायचं ठरलं आणि शिकवायला बाई मिळेना, तेव्हा मी आत्याचं नाव सुचवलं. मी एकोणीस वर्षांची होते, तिथं दोन स्पर्धा जिंकलेल्या, माझं ऐकलं गेलं. दिवाळीच्या आधी आत्या आमच्या चाळीत येऊन राहिली. तिनं तलावाच्या सहा फेऱ्या मारून दाखवल्या आणि तलाव चालवणाऱ्या समितीतल्या बाई खूश झाल्या. अट एकच होती, लुगडं चालणार नाही, कॉश्च्यूम आणि रबरी टोपी घालावी लागेल. मला वाटलं, आता सगळं संपलं. आत्या म्हणाली, बघू तरी कसा असतो त्यो.

लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात ती म्हशी पारखायला आल्यासारखी बसली. दुकानदारानं कौतुकानं लोकरीचा कॉश्च्यूम पुढं केला, हाच सगळ्यात भारी म्हणाला. आत्यानं त्याच्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, त्यात कॉश्च्यूमचा पट्टा बुडवला आणि पिळून वर धरला. तो थेंब थेंब गळतच राहिला. "ह्यो पानी पितुया," ती म्हणाली, "टाकीत चालंल, काठ हाताशी हाय. धरणात ह्यो बाईला खाली न्हेल." पुढं झालर लावलेला तिनं न बघताच बाजूला सारला. शेवटी साधा, निळा, घट्ट विणीचा सुती घेतला. तोही एक माप लहान, कारण ओला झाला की कापड सैल पडतं. टोपीवर मात्र ती नाराज होती, कान झाकले तर होडीवाल्याची हाक कशी ऐकू येणार? तलावात होडी नसते, असं मी म्हटल्यावर पोट धरून हसली. आयुष्यात स्वतःसाठी एवढा वेळ काढून घेतलेली तिची ती पहिलीच वस्तू असावी.

आम्ही तलावावर जाणाऱ्या मुली कॉश्च्यूम वाळत घालताना त्यावर टॉवेल टाकत असू. चाळीतला प्रत्येक डोळा गॅलरीवर असतो हे आम्हांला सांगावं लागत नसे. आत्याला ते कुठून माहीत असणार? ती धरणावर लुगडं खडकावर पसरून वाळवणारी बाई. तिनं कॉश्च्यूम दोरीच्या मधोमध, दोन्ही पट्टे ताणून, उजेडात वाळत टाकला. मी पाहिलं आणि टॉवेल टाकायचा आळस केला... आळसच, दुसरं नाव देत नाही. संध्याकाळी शेजारचे काका अण्णांशी काहीतरी कुजबुजून गेले. अण्णांनी मला विचारलं, तो कुणाचा? माझा म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता, कारण मी घालते हे त्यांना ठाऊक होतं आणि चालतही होतं. मी म्हटलं, आत्याचा.

रात्री जेवताना अण्णांनी आत्याकडे पाहिलंही नाही. भांडी घासताना आत्यानं मला हळूच विचारलं, "शाले, तू बोलशील का दादाशी? तुझं ऐकत्यात ते. मला हे काम पायजेल हाय." मी बोलते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तलावावर समितीतल्या बाई सहज बोलून गेल्या, तुझी आत्या नाही आली तर तूच शिकव की. त्या दिवशी मी अण्णांशी बोलले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

विधवेनं ओवाळू नये, असं शेजारी म्हणत. अण्णांनी ते कधीच मानलं नाही, दर भाऊबीजेला ते आत्याकडूनच ओवाळून घेत. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. त्या भाऊबीजेला त्यांनी तबकात नवं लुगडं ठेवलं आणि मला काहीतरी आणायला खाली पाठवलं. मी परतले तेव्हा आत्या पिशवी भरत होती. काम नको म्हणाली, तिकडं गवत कापायचं राहिलंय म्हणाली. कॉश्च्यूम तिनं नीट घडी करून माझ्या गादीवर ठेवला होता. तो मला बरोबर झाला. बायकांच्या तासाला पहिली चार वर्षं मी तोच घातला आणि शंभर बायकांना सांगितलं, विकत घेण्याआधी पट्टा पाण्यात बुडवून बघा. कुणी शिकवलं ते सांगितलं नाही. मनाला एवढंच समजावत राहिले की आत्याला काय, अख्खं धरण तिचंच आहे, टाकीभर पाणी गेलं तर कुठं बिघडलं. आत्या दिवाळीला येत राहिली. मुळशीला जायला मात्र मला तोंड नव्हतं.

दहाव्याला गेले, ती बारा वर्षांनी. अण्णांचे गुडघे दुखत होते, मी एकटीच गेले. विधी आटोपल्यावर पारूबाईंना म्हटलं, आत्याचं लाल फडकं असेल तर द्या. त्या म्हणाल्या, "कुटलं फडकं? ती पान्यात उतरतच न्हवती. भावाला भाऊबीजंला सबूद दिला व्हता, आता पान्यात पाय घालनार न्हाई म्हून. पल्याडच्या गवताला दीड कोस वळसा घालून जायाची, डोक्यावर भारा घिऊन. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मग त्या मला मागच्या दारी घेऊन गेल्या. तिथं गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे, कमरेइतकी उंच. रोज दिवेलागणीला आत्या ती काठोकाठ भरायची आणि गुरं सोडण्याआधी दोन्ही हात खांद्यापर्यंत बुडवून, डोळे मिटून उभी राहायची. पारूबाईंनी एकदा विचारलं होतं, असं काय करता? ती म्हणाली होती, "पाय न्हाई घालत. हाताचं दादा कुटं बोललाय?"

अण्णा रविवारची पुरवणी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचतात, मृत्युलेख तर आधी, म्हणून हे तिथं छापायला दिलं आहे. मी बोलते, असं आत्याला म्हणाले होते. इथवर वाचून झालं असेल तर अण्णांनी मला हाक मारावी. मी आत स्वयंपाकघरातच आहे.