खालचा आकडा

माझ्या दोन्ही कानांत शिटी वाजते, पण डावा जरा पुढे असतो. चर्चमध्ये माइक स्पीकरजवळ गेला की जी चिरकी शिटी येते ना, तशी. फरक इतकाच की माइक दूर नेला की ती बंद होते, माझी होत नाही. दीड वर्ष झालं. लोक विचारतात, कसं सहन करता हो? करते. पण त्यातले नऊ दिवस मी एक गोष्ट घरातही लपवली होती, ते आज सांगते.

मी इथे रायपूरला मिशनच्या एका दवाखान्यात तेहतीस वर्षं आया होते. नर्स नाही बरं का, आया. चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, फरशी पुसायची. बीपी पाहायला मात्र शिकले. एक म्हातारी सिस्टर होती, तिनं एका दुपारी वॉर्ड शांत असताना स्टेथोस्कोप माझ्या कानांत अडकवला आणि म्हणाली, "पट्ट्यातली हवा सोडत जा अन् ऐक. टकटक सुरू झाली तो वरचा आकडा. टकटक बुडाली तो खालचा." वर्षभर मी दिसेल त्याचा दंड धरत होते. रिटायर झाल्यावर दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या व्हरांड्यात मशीन घेऊन बसायचे. बायका रांगेनं हात पुढे करायच्या. आमचा सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, मला सिस्टरच म्हणायचा आणि मीही कोणाची चूक दुरुस्त करत नव्हते. कागद नव्हता माझ्याजवळ, पण कान होते.

घरात मी, मुलगा आणि सून. आम्ही रायपूरला लागून बीरगांवला राहतो. मुलगा सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये शिफ्टवर जातो. सून छत्तीसगढी. मराठी सगळी समजते तिला, उत्तर हिंदीत देते. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. बीपी वाढलं होतं आणि ती माहेरी होती, तिथे कोणी पाहिलंच नाही. म्हणून दुसऱ्या वेळी डॉक्टर मॅडमनी एक डायरी दिली. रोज सकाळी बीपी पाहायचं, लिहायचं. "नीचे वाला नब्बे के ऊपर गया, तो उसी दिन आना है. दूसरे दिन नहीं."

मुलगा म्हणाला, "मम्मी, सेल वाला मशीन ले आता हूँ, नंबर खुद दिखाता है."

"काहून? मी मेली का घरात?" मी म्हटलं. "ते मशीन खोटं बोलते."

सून हसली. तिचा माझ्यावर विश्वास होता. हे लिहिताना हात अडतो, पण होता.

शिटी सुरू झाली तेव्हा तिला पाचवा महिना होता. आधी वाटलं स्टेथोस्कोपची नळी चिरली. नवीन नळी आणली. शिटी तीच. मग कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी बंद खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की कानाची नस झिजली आहे, वयानं होतं, याच्यावर गोळी नाही. टेन्शननं वाढतं. "घर में कोई टेन्शन है क्या, अम्मा?" मी म्हटलं, नाही.

बाजूच्या खोलीत त्यांच्याकडे काम करणारी एक मुलगी होती, माझ्या सुनेच्या वयाची असेल. तिनं मला खुर्चीत बसवून शिकवलं. पायाची बोटं आवळा, सोडा. मग पोटऱ्या. मग मुठी, खांदे, शेवटी जबडा. जबडा तर मी जन्मभर आवळूनच ठेवला होता, ते मला तिथे कळलं. श्वास घ्यायचा थोडा, सोडायचा लांब. "आवाज़ से लड़ना नहीं है अम्मा, उसको पंखे जैसा चलने दो." मी त्यात माझं जोडलं. श्वास घेताना 'प्रभू', सोडताना 'तू आहेस'. रोज पहाटे असं करायचे, मग शिटी बारीक व्हायची. जात नव्हती, बारीक व्हायची. तेवढ्या फटीतून मी सुनेचं बीपी ऐकून घ्यायचे.

पण सातवा महिना लागला आणि माझ्या आत काहीतरी आवळलं गेलं ते सुटेचना. मौन प्रार्थनेला डोळे मिटले की देव राहायचा बाजूला, शिटीच पुढे येऊन बसायची. महिला मंडळातल्या एका बाईला मी कानाचं सांगितलं. तिनं माझा हात धरला, मोठ्या मायेनं म्हणाली, "मनात काही लपलं असंल, बाई. प्रभूसमोर मोकळी हो."

मी म्हटलं, माझ्या मनात काय लपणार.

त्याच आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी, पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, आणि मला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा केलं. शिटी, नुसती शिटी. आता वरचा आकडा बोटांनीही कळतो. मनगटाची नाडी धरायची, हवा भरली की ती बुडते, सोडत गेलं की जिथे परत येते तो वरचा. खालचा बोटांनी कळत नाही. तो कानानंच ऐकावा लागतो.

सून पेन घेऊन बसली होती. "कितना, मम्मी?"

"एकशे अठरा," मी म्हटलं. आणि मग, "ऐंशी."

ऐंशी कोणालाही शोभतं. दुसऱ्या दिवशी मला वाटलं आज ऐकू येईल. नाही आलं. पुन्हा ऐंशी. रोज पहाटे पायाची बोटं आवळायची, सोडायची, प्रभूला म्हणायचं आज कान उघड, आणि साडेसातला ऐंशी सांगायचं. एकदा ती म्हणालीही, "मेरा तो एकदम सेट हो गया है." नऊ दिवस.

दहाव्या सकाळी ती उठली तीच डोकं धरून. पायाला सूज होती, डोळ्यांपुढे झिलमिल येतं म्हणाली. मी पट्टा बांधला. बोटांखाली नाडी एकशे चाळीसला परत आली. तीनदा पाहिलं, तीनदा तेच. स्टेथोस्कोप लावला तर डोक्यात नुसती चिरकी शिटी. ती माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा पहिल्या शिफ्टला गेलेला, तिकडून ओरडून बोलत होता.

"मम्मी, उसका मैसेज आया, सिर दुख रहा है. नीचे वाला नब्बे के अंदर है ना? यहाँ आदमी कम हैं आज. निकलूँ कि नहीं?"

"थांब, पाच मिनिटांत सांगते."

मी स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. तेहतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला एकशे चाळीस आणि झिलमिल म्हणजे काय ते कळत नव्हतं का? कळत होतं. पण दवाखान्यात गेलो की डायरी उघडणार. चौऱ्याऐंशी म्हणावं, संध्याकाळपर्यंत पाहावं, असं मनात आलं होतं. खरंच आलं होतं. मी पायाची बोटं आवळली, सोडली. पोटऱ्या. मुठी. खांदे. कान उघड असं त्या वेळी मी म्हटलं नाही. प्रभू, तू आहेस, एवढंच. जबडा सुटला तेव्हा मी उठले. पाच मिनिटं पूर्ण झाली नव्हती.

"बाई," मी सुनेसमोर बसले, "मले ऐकू येऊन नाही राहिलं. खालचा आकडा मी मनानं सांगून राहिली होती."

"आज?"

"नऊ दिवसांपासून."

तिनं दंडावरचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "और ऊपर वाला?"

"तो खरा आहे. बोटांनी पाहिला."

"ऑटो बुलाओ, मम्मी."

मुलाला फोन करून निघ म्हटलं अन् ऑटोत बसलो. उरला इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती, ऑटो इंच इंच सरकत होता. माझ्या डोक्यात इतकी शिटी की हॉर्नही तिच्यामागे गेले. मी लांब श्वास सोडू लागले, तोंडानं, आवाज करत. थोड्या वेळानं पाहिलं तर तीही माझ्यासारखीच सोडत होती. माफ केलं म्हणून नव्हे, डोकं फुटून राहिलं होतं म्हणून.

दवाखान्यात खालचा निघाला एकशे चार. तिला लगेच आत घेतलं, सुई लावली. बाळाचे ठोके पाहायचं मशीन पोटावर ठेवलं. त्या मशीनचा आवाज मला नीट येईना, म्हणून मी सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिले. कपाळ सैल झालं तिचं, तेव्हा मला कळलं.

मॅडमनी डायरी उघडली. "ये रोज़ अस्सी किसने लिखवाया?"

सून छताकडे पाहत होती. मी म्हटलं, "मैंने. मुझे सुनाई नहीं देता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आज भी अस्सी बोल देतीं आप, तो..."

सून तिथेच तीन आठवडे राहिली आणि मग नात झाली, दोन किलोला थोडी कमी. मंडळातल्या बाईला वाटलं, मोकळी झाली, आता शिटी जाईल. शिटी गेली नाही. नस झिजली ती झिजली. बोटं आवळते, सोडते, 'तू आहेस' म्हणते, दिवस निघतो. व्हरांड्यात मी आता बसत नाही.

पण मला सांगायचं आहे ते मॅडमनी डायरी उघडली त्या दुपारचं. आमच्या जुन्या दवाखान्यात चुकीचा आकडा खोडून काळा करायचा नाही असा नियम होता. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. सिस्टर लोकांना तसं करताना मी तेहतीस वर्षं पाहिलं होतं, मला कधी तो अधिकार नव्हता. मी पेन मागून घेतलं. नऊ ठिकाणी रेघ मारली, नऊ ठिकाणी लिहिलं, 'ऐकू आलं नाही', आणि सही केली.

मुलगा आला तेव्हा अंगभर प्लांटची धूळ होती. त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे पाठ करून सुनेच्या पायाशी बसला. सुनेनं हात पुढे करून डायरी घेतली, अंगठ्यानं मागची पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबली.

"ये बुधवार वाला? ये भी अस्सी है."

"तो खरा होता," मी म्हटलं. "तेव्हा ऐकू येत होतं."

तिनं त्या आकड्यावरून अंगठा फिरवला. मग डायरी मिटून तिनं आपल्या उशीखाली ठेवली. "अब ये मेरे पास रहेगी, मम्मी."

"हव," मी म्हटलं.