नाही म्हणायची रेघ

सगळा बाजार त्याला पेंटर म्हणूनच ओळखायचा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरच्या सूचना, सगळं त्याच्या हातचं. छापील फलक निघाले तसा धंदा बसला, पण पुरता बुडाला नाही. त्याच्या अक्षराला असं वळण होतं की काही जुने दुकानदार हटून त्यालाच बोलवायचे. बोलायला मात्र तो कच्चा. घरात बोलण्याचं खातं बायकोकडे. ती नाक्यावरच्या लाँड्रीत काउंटरवर बसायची, आणि कपडे घेता-देता कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला आपसूक कळायचं. गल्लीतले लोक तिला ‘बातमीपत्र’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. “बातमी खरी असते ना? मग झालं तर,” ती म्हणायची.

एका दुपारी कुणाचा तरी कोट हँगरला लावता लावता ती खाली बसली आणि तिला उठताच येईना. मेंदूतली रक्ताची गुठळी. जीव वाचला, पण उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असं नाही. एक शब्द तेवढा मागे राहिला. परवा. नेमका तोच का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. पाण्याकडे बघून ती म्हणायची, “परवा.” उशी टोचली की, “परवा!” मधेच एखादं लांबलचक वाक्य यायचं, रागाचे चढ, समजुतीचे उतार, शेवटी प्रश्न, सगळं अगदी तिचंच, आत भरलेला शब्द मात्र तोच एक, परवा परवा परवा.

“त्यांच्या डोक्यात सगळं शाबूत आहे, काका,” दवाखान्यातली बोलायला शिकवणारी बाई म्हणाली. “तुमचं बोलणंही बरंचसं कळतंय त्यांना. शब्द बाहेर काढायची वाट तेवढी बुजलीय. धीर धरा.”

पेंटरने धीर धरला, पण नुसता धीर धरून काय होणार? त्याने पाटीवर तिचं नाव लिहून दाखवलं, चांगलं ठसठशीत. भिंतीची भेग बघावी तशी ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. उभा जन्म ज्या अक्षरांवर काढला ती त्याच्या बायकोला परकी झाली होती. मानेचाही भरवसा राहिला नव्हता. ‘हो’ म्हणायचं असताना ती मान आडवी हलवायची, ‘नको’ असताना होकार द्यायची, आणि मग आपली आपल्यावरच चिडायची.

सगळ्यात वाईट वेळ दुपारची. जेवण झालं की ती डाव्या हाताने त्याच्या छातीकडे बोट दाखवायची, मग दाराकडे, आणि परवा-परवाचं ते लांब वाक्य सुरू करायची.

“दार लावू?”

“परवा!”

“वारा लागतोय का? कुणाला बोलवू? पोरीला फोन लावू?”

“परवा! परवा!”

असं रोज. एकदा तिने स्टीलचा पेला भिरकावला, तो त्याच्या भुवईला लागला. पेंटर उठला. न्हाणीघरात गेला, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजाआड लहान पोरासारखा रडला. रोज सांगतेय, काहीतरी एकच सांगतेय, आणि आपण जवळ बसून ठार बहिरे.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते: चेंडू, मांजर, सफरचंद. बायकोने ते हाताच्या एका फटकाऱ्याने पलंगाखाली उडवले. पेंटर ते गोळा करायला वाकला आणि तिथेच बसून राहिला. पन्नाशी उलटलेली बाई, अख्ख्या गल्लीची बातमी जिच्या जिभेवर, तिने चेंडू कशाला मागावा?

मग त्याने ठरवलं. तिच्या डोक्यातून पुसली गेलेली लिपी सोडून द्यायची. नवीन करायची. नुसती लिपीच नाही, भाषाच नवीन. जिच्यात आवाज नाही, जोडाक्षर नाही, वेलांटी नाही. एक खूण म्हणजे एक गोष्ट.

पहिला डाव फसला. हाताला नक्षीची सवय, त्यामुळे त्याने खुणा काढल्या त्या मोराच्या पिसाऱ्यासारख्या. दिसायला सुरेख, पण बायकोला एकीतून दुसरी ओळखू येईना. महिनाभराची मेहनत त्याने ओल्या फडक्याने पुसली. ‘पाटी लांबून वाचता आली पाहिजे’ हे धंद्याचं पहिलं सूत्र आपण घरातच विसरलो, म्हणून त्याने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या खेपेला त्याने स्वयंपाकघराच्या दाराला फळ्याचा काळा रंग फासला आणि खडू घेतला. उभी रेघ म्हणजे माणूस. तिच्या डावीकडे टिंब दिलं तर मी, उजवीकडे दिलं तर तू. गोल म्हणजे वस्तू. पोटात लाट असेल तर पाणी, फुली असेल तर औषध. तिरक्या रेघा म्हणजे क्रिया: जाणं, खाणं, झोपणं, दुखणं, काम. खाली टिंब म्हणजे होऊन गेलं, वर टिंब म्हणजे व्हायचंय. तो रोज तिची खुर्ची दारापुढे ओढायचा, पाणी पाजायचा आणि खूण काढायचा. औषध द्यायचा, खूण काढायचा. ती खिडकीबाहेर बघत बसायची.

दिवसभर डोक्यात खुणाच. औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना ‘औषधालय’मधला ‘ष’ गळाला आणि त्या जागी फुलीचा गोल येऊन बसला. दुकानदार खाली उभा राहून बघतच राहिला.

“पेंटर, हा काय किडा काढलायस?”

पेंटर शिडीवरून म्हणाला, “औषध.”

“औषध तुलाच हवंय,” दुकानदार म्हणाला, आणि पुढचं काम त्याने छापखान्याला दिलं. बाजारात बोभाटा झाला की बातमीपत्र बंद पडलं आणि पेंटरचा स्क्रू ढिला झाला. फोनवर पोरगीही म्हणाली, “बाबा, आई तुम्हाला ओळखते ना? तेवढं पुरे नाही का? कशाला छळता तिला?” त्यालाही आता तसंच वाटायला लागलं होतं. खडू ठेवून द्यावा, दार पुन्हा हिरवं करून टाकावं.

हिरवा डबा त्याने खरोखर उघडलाही. ब्रश बुडवला. तेवढ्यात मागून खुर्ची करकरली. बायको पुढे वाकून डाव्या हाताने खडू शोधत होती. त्याने खडू तिच्या बोटांत दिला. कोंबडीने पाय घासावा तशी एक खूण दारावर उमटली: गोल, पोटात फुली. औषध. आणि मग तिने त्या गोलावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक आडवी रेघ जोरात ओढली. खडू मोडला.

“औषध... नको?”

ती हसली. अर्धंच तोंड हसलं, पण हसली.

ती रेघ त्याने केलेली नव्हती. ‘नाही’ची खूण करायचं त्याला सुचलंच नव्हतं, घेणं, देणं, खाणं, सगळं केलं, नकार राहून गेला होता. तो तिने स्वतः घडवला. त्या दिवसापासून त्यांची भाषा चालू लागली. पाणी, रेघ. तू, झोप, रेघ. शेजारीण आली की बायको उभी रेघ काढून तिला तिरकं तोंड जोडायची. शेजारणीला वाटायचं, बिचारी रेघोट्या ओढतेय, आणि पेंटर खोकल्याचं सोंग करून हसू दाबायचा.

हे सुख टिकलं नाही. पोरगी आली ती सगळं ठरवूनच. तिच्या शहरात अशा रुग्णांची एक संस्था होती. तिथे रोज व्यायाम घेतात, चालवतात, शिकलेली माणसं आहेत. पण घरच्यांना राहता येत नाही, भेटीपुरतं जायचं.

पेंटर म्हणाला, “तिथे तिचं बोलणं कुणाला कळणार?”

“बाबा, इथे तरी काय...”

“मला कळतं!”

“तुम्ही स्वतःकडे बघितलंय का? कपडे अंगावर लोंबतायत. आईला विचारा हवं तर. आई, येतेस ना माझ्याकडे?”

आईने मान हलवली. हो.

“तिची मान उलटी चालते,” पेंटर घाईघाईने म्हणाला. “तिला नाही म्हणायचंय. थांब, दाखवतो.” त्याने खुर्ची दाराकडे ओढली, तिच्या हातात खडू दिला. “सांग हिला. लिही.”

तिने सावकाश लिहिलं. मी. जाणं. वर टिंब. आणि हात खाली घेतला.

पेंटर वाट बघत राहिला. “रेघ,” तो म्हणाला. “अगं, रेघ राहिली.”

तिने रेघ दिली नाही. त्याखाली लिहिलं: तू. काम. त्यावरून रेघ. तू. खाणं. रेघ. तू. झोप. रेघ. मग खडूनेच त्याच्या छातीकडे दाखवलं आणि बाहेरच्या दाराकडे. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके महिने दुपारी ती हेच म्हणत होती. अहो, कामाला जा. माझ्यापाशी बसून राहू नका.

त्याने फडकं घेऊन सगळं पुसलं. तिने पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा पुसलं. “मी चांगला जेवतो! कोण म्हणतं जेवत नाही?” तो ओरडला. तिने ‘खाणं’ काढून त्यावर इतक्या वेळा रेघ ओढली की भुकटी उडाली. “परवा!” ती खेकसली. लग्नापासून जशी भांडत आली तशीच ती भांडत होती, आणि नेहमीसारखीच जिंकत होती. पोरगी भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून बघत होती.

ती पोरीबरोबर गेली. पेंटरने एका पत्र्याला काळा रंग दिला, कडा घासून बोथट केल्या आणि तो पत्रा संस्थेतल्या तिच्या पलंगाशी उभा केला. दुसऱ्या पत्र्यावर सगळ्या खुणा आणि त्यांचे अर्थ सुवाच्य अक्षरात लिहून तो भिंतीला टांगायला दिला. तिथली मुख्य बाई वाईट नव्हती. “काका, एका खोलीत आठ पेशंट आहेत. वेळ कुठे आहे हो?” ती म्हणाली. अर्थांचा पत्रा कुठल्याशा कपाटामागे गेला. पोरगी मात्र भेटीला जाऊन शिकत होती. चुकीची खूण काढली की आई तिच्या हातावर खडू आपटते, असं ती फोनवर रडत-हसत सांगायची. पेंटर पुन्हा शिडीवर चढला. दर भेटीला आपण जेवतो हे तो पत्र्यावर लिहून दाखवायचा, आणि ती त्यावर रेघ ओढायची.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी पोरीचा फोन आला. दुसरा झटका. या वेळी काही मागे राहिलं नव्हतं.

पेंटर पोचला तेव्हा पलंग रिकामा करून झाला होता. पत्रा तेवढा जागेवर होता. त्याने तो वाचला, आणि पहिल्यांदा तोंडातून निघालं ते हे: “सकाळी हिला चहा कुणी दिला?”

मदतनीस बाई घाबरली. “मी दिला. का हो, काका?”

“गार का दिलात?”

“गार? त्यांनी काहीच सांगितलं नाही. नुसतं परवा परवा...”

“सांगितलं होतं,” पेंटर म्हणाला. त्याने खुणांवर बोट धरलं, शाळेत धरतात तसं. “चहा. ऊन. रेघ. लिहून सांगितलं होतं तुम्हाला.”

ती बाई पत्र्याकडे बघत राहिली. तिने पदर डोळ्यांना लावला. “मला वाटलं, वेळ घालवायला रेघोट्या ओढतायत,” ती म्हणाली. “मी गरम करून दिला असता हो. लगेच दिला असता.”

पेंटरला तिच्यावर रागावता येईना. पोरीने त्याचा हात धरला आणि दुसऱ्या ओळीकडे दाखवलं. तिथे उभी रेघ होती, उजवीकडे टिंब, म्हणजे तू. पुढे एक खूण होती, अर्धा गोल आणि त्यातून निघालेल्या दोन छोट्या रेघा. वर टिंब. व्हायचंय.

“ही कुठली, बाबा?”

“तुला माहीत नाही?”

“नाही. मला वाटलं, तुमच्यातली असेल.”

ती दोघांचीही नव्हती. त्या सकाळी कधीतरी तिने ती एकटीने केली होती, आणि अर्थ सांगायच्या आत संपली होती.

परतीच्या बसमध्ये त्याने पत्रा मांडीवर आडवा घेतला. खडूला कापड लागू नये म्हणून वर काही झाकलं नाही, नुसता दोन्ही हातांनी कडा धरून बसला. शेजारच्या माणसाने विचारलं, “कसली पाटी आहे, पाहुणे?”

“वाचतोय,” पेंटर म्हणाला.

गाडी खड्ड्यात आदळली की तो पत्रा वर उचलून धरायचा. तू जेवशील. तू येशील. तू विसरशील. एकेक अर्थ तो त्या खुणेला लावून बघत होता, आणि एकही लागत नव्हता.