मंठ्यात कुणालाच टाइम न्हाई

जालन्याच्या एका एम.ए.च्या डिग्रीत अर्धा हिस्सा माझा आहे, हे मी कुणालाही छातीठोक सांगतो. आता माझी स्वतःची शाळा सातवीत सुटली, ही गोष्ट वेगळी. सुटली म्हणजे काय, मास्तरांनीच हात जोडले. म्हणाले, "बाबा, तू घरी राहा, म्हणजे बाकीची पोरं शिकतील!"

मंठ्याच्या एसटी स्टँडसमोर माझं चहाचं हॉटेल होतं. तिथं किस्से कसे जमायचे? चहाच्या भांड्याला राप चढतो तसे. मुद्दाम कुणी चढवत नाही, आणि किती घासला तरी निघत नाही. त्यातला सगळ्यात जाड थर प्रल्हादचा.

प्रल्हादचा बाप आमच्या शिवारात मेंढरं राखायचा. पोरगं हुशार, कॉलेजात पोचलं. त्याच्या सरांनी विषय दिला, ‘खेड्यातील माणसाचा रिकामा वेळ’. पुस्तकातून उतरवायचं नाही, घरोघर जाऊन विचारायचं आणि दर शनिवारी जालन्याला जाऊन प्रोग्रेस दाखवायची. इकडं बापानं बजावून ठेवलेलं, "औंदा पास झाला तं बरं. न्हाई तं ही काठी घे अन् मेंढरामागं चाल!"

म्हणजे पोराची एम.ए. आमच्या उत्तरांवर टांगलेली. बिचारा!

*

सुरुवात त्यानं माझ्याच बाकड्यापासून केली. तिथं गफूर टेलर आणि कोंडिबा पैलवान सकाळपासून बसलेले. बाकड्यावर कोळशानं घर आखून वाघ-बकरीचा डाव रंगात आला होता.

"चाचा, दिवसातला रिकामा वेळ किती मिळतो?"

गफूरभाईंनी कपाळावर हात मारला. "बेटा, इधर मरने कू टाइम नै!" आणि मला ओरडले, "एक चाय और!"

मग प्रल्हाद पैलवानाकडं वळला. पैलवानानं मान वर केली नाही.

"लिही, बिलकुल टाइम न्हाई. अन् उजेडातून सरक, माझी बकरी अडकली!"

"अन् मामा, तुमचा?" त्यानं मला विचारलं.

मी गल्ल्यावर मांडी घालून पेपर वाचत होतो. म्हणालो, "दिसत न्हाई का? हॉटेल चालवून राह्यलो!"

*

दुसऱ्या दिवशी तो घरोघर फिरला. आमच्याकडं आल्या माणसाला चहा पाजल्याबिगर उठू देत नाहीत, आणि चहा उकळेपर्यंत चौकशी केल्याबिगर राहत नाहीत. कुणाचा? मामाचं गाव कोणतं? मेंढरं किती? जमीन हाय का? लगीन ठरलं का?

संध्याकाळी बाकड्यावर येऊन आडवा झाला. चहाचं नाव काढलं तरी तोंड वाकडं. कागद कोरा.

"अरे, विचारलं का न्हाई?"

"मी कुठं विचारतो मामा? त्यांनीच माझा सर्व्हे केला!"

खरंच होतं. त्याला गावाचं काही कळलं नव्हतं आणि गावाला त्याचं सगळं कळलं होतं. चौथ्या दिवशी तर वाटूरकडची सोयरीक चालत आली.

"शनिवारी सरांला प्रोग्रेस काय दाखवू?"

मी म्हणालो, "सांग, गावानं पसंत केलं!"

*

ते दिवस आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचे होते. जीपगाडी दिसली की गडीमाणूस ज्वारीत! आणि ह्या बहाद्दराचा पहिलाच सवाल, "घरात माणसं किती? लेकरं किती?"

मी एवढंच केलं. तो खालच्या गल्लीत निघाला, तेव्हा पैलवानाच्या कानाशी लागून म्हणालो, "पोरगं लेकरं मोजून राह्यलं. कशाला, ते मला काय ठावं!"

प्रल्हाद गल्लीत पोचला तर एकही पुरुष नाही. पैलवान, जो उभ्या तालुक्यात कुणाला भ्याला नाही, तो कडब्याच्या गंजीमागून बायकोला ओरडत होता, "सांग त्याला, मी गावाला गेलो म्हणून!"

बायको दारातूनच म्हणाली, "ऐकलं का भाऊ? ते गावाला गेले म्हणत्यात!"

*

मग राहिल्या बायका. प्रल्हाद त्यांना विचारत सुटला. एकजण दळण निवडता निवडता म्हणाली, "रिकामा टाइम? हाय की. आत्ता रिकामीच बसली न्हाई का मी!" दुसरी गोधडी शिवत होती, मांडीवर लेकरू. ती म्हणाली, "दुपारची काहीच न्हाई काम, भाऊ."

झालं! शनिवारी सरांसमोर कागद ठेवले. गड्यांना क्षणाची उसंत नाही आणि बाया दुपारभर रिकाम्या!

सर भडकले. "ही उत्तरं तू हॉटेलात बसून भरलीस! मी स्वतः येऊन बघणार. खोटं निघालं तर तुझं वर्ष गेलं म्हणून समज."

प्रल्हादनं परत येऊन सगळं सांगितलं. मी म्हणालो, "घाबरतो कशाला? येऊ दे तुझ्या सरांला. मी हाय ना!"

हे ऐकून तो जास्तच घाबरला.

*

सर आले. चष्मा, टेरिलीनचा बुशशर्ट. बाकड्यावर बसले. शेजारी गफूरभाई, पैलवान आणि वाघ-बकरी.

"तुम्हाला रिकामा वेळ असतो का?"

"बिलकुल न्हाई साहेब!" पैलवान म्हणाला आणि सोंगटी सरकवली.

सरांनी प्रल्हादकडं डोळे वटारून पाहिलं. त्याला काठी दिसायला लागली असणार. त्यानं हातातले कागद मिटले. आणि एकदम पुढं आला.

"पैलवान, टाइम जाऊ द्या. काल दुपारी काय केलं, तेवढं सांगा."

"काल? वावरात व्हतो. वखराची पाळी घालत."

गफूरभाई उसळले, "झूट! कल दिनभर ये इधरीच बैठा था! मेरी चार बकरियां खाया!"

सरांनी शांतपणे विचारलं, "आणि तुम्हाला कसं माहीत?"

गफूरभाई घाईघाईनं सोंगट्या गोळा करायला लागले! मला हसू आवरेना.

ते माझ्यावरच शेकलं. सर आत वळले. चुलीपाशी माझी बायको कौसा भजी तळत होती.

"बाई, काल दुपारी काय केलं?"

"काय न्हाई साहेब, रिकामीच व्हते. आडावरून पाणी आणलं, सरपण फोडलं, कप धुतले, हे तळण काढलं. बस."

"आणि मालक?"

कौसानं पदर सावरला. "त्यांला कुठला टाइम? टाइम न्हाई, टाइम न्हाई, म्हणत दिवसभर बसूनच अस्तेत!"

सर एवढे हसले की चष्मा काढावा लागला. मग प्रल्हादला म्हणाले, "सगळ्यांना पहिल्यापासून विचार. फक्त कालची दुपार विचार."

*

रिझल्ट लागला तेव्हा प्रल्हाद जालन्याहून पेढे घेऊन आला. संगं बाप, हातात काठी, पण आता मिरवायला. बाकडं भरलेलं. पहिला पेढा त्यानं आत जाऊन कौसाला दिला. मला राग आला.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, हॉटेल माझं, बाकडं माझं, माणसं माझी! ह्या डिग्रीत अर्धा हिस्सा माझा हाय!"

प्रल्हादनं वाकून माझ्या पायाला हात लावला. वर उठला आणि म्हणाला,

"न्हाई मामा, अर्धा मामीचा हाय. उत्तरं तिनं दिली. तुम्ही तं नुसता विषय व्हता!"