लागलं

आमच्या प्रयोगशाळेत ‘लागणे’ हे क्रियापद फार स्वस्त आहे. पेशीवर ग्रोथ फॅक्टरचा, म्हणजे वाढीचा निरोप आणणाऱ्या प्रथिनाचा, रिसेप्टर असतो; तो निरोप घेतो. तो जागा झाला की पेशी वाढतात, जखम भरते. खरा ग्रोथ फॅक्टर महाग आणि नाजूक, म्हणून त्याचं काम करील असा एखादा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा चिमुकला तुकडा, आम्ही नाशकात बसून शोधतो. एखादा तुकडा रिसेप्टरला चिकटला की आम्ही म्हणतो, लागला. रिसेप्टर जागा होतो का, ते नंतर कळतं. बहुधा होत नाही.

माझी थोरली बहीण विंचूरला असते. तिला साखर. पायाच्या बोटाची जखम भरेना. फोनवर विचारायची, “लागलं का रे काही?”

एकदा मी म्हणालो, “एक लागलाय.”

“मंग पाठव की.”

“अजून तपासायचाय, अक्का.”

“तपास तू. मी थांबते.”

तिच्याकडे औषध लागलं म्हणजे गुण आला. हे मला त्याच क्षणी कळलं. मी दुरुस्ती केली नाही. तिला धीर यावा म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच ते ऐकायला बरं वाटलं.

पुढे निकाल आला. पेप्टाइड घट्ट बसलेला, पेशी ढिम्म. वर खऱ्या ग्रोथ फॅक्टरलाही तो जागा देईना. सोबतच्या बाई म्हणाल्या, “जावई आहे हा. पाट अडवून बसलाय, कामाचं नाव नाही.” सगळे हसले. मीही हसलो. अक्काला फोन केला नाही.

मग दाजींचाच आला. “डॉक्टर बोट काढा म्हनत्यात. ही म्हनती, भावाच्या हाती औषध लागलंय, कापू देनार नाय. पाय काळा पडाया लागलाय. आता तुमीच सांगा.”

विंचूरला जाऊन सांगितलं. लागला म्हणजे नुसता चिकटला. औषध नाहीच. तू थांबलीस तेव्हा तुझा गैरसमज झालाय हे मला कळत होतं.

ती पायाकडे बघत राहिली. “चहा घेशील ना?” म्हणाली.

एका बोटाऐवजी तीन गेली.

आता जखम भरलीय. फोनवर ती अजून विचारते, “लागलं का?”

“एक चिकटलाय,” मी म्हणतो.

“हां. तसं सांगावं.”