व्यवसाळ

"मॅडम, हा व्यवसाळ काय प्रकार आहे? पुण्यात मिळतो का?"

एका मुलाचे वडील चालू तासात हे म्हणाले. सहावी ते आठवीची पोरं पडद्यावर आपापल्या चौकोनात बसली होती. मी मूर्तिजापूरच्या घरातून त्यांना ऑनलाइन शिकवत होते, व्यवसाय कसा करायचा ते. भांडवल कशाला म्हणायचं, नफा कशाला म्हणायचं, आलेला पैसा कुठे ठेवायचा. आणि बोलता बोलता माझ्या तोंडून शब्द निघाला, व्यवसाळ.

आधी एक पोरगं फिसकन हसलं. मग सगळी. चॅटमध्ये हसरे पिवळे चेहरे भराभर येऊ लागले. तेवढ्यात त्या गृहस्थांनी मुलाला बाजूला सारलं आणि कॅमेऱ्यात तोंड घातलं.

"आधी तुम्ही मराठी शिका. मग आमच्या मुलांना धंदा शिकवा. गावठी बोलणं शिकायला फी भरतो का आम्ही?"

मी म्हणाले, "सॉरी सर."

आणि पुढची स्लाइड लावली. घाईत दोन स्लाइड एकदम पुढे गेल्या. ते पाहूनही पोरं हसली.

आतल्या खोलीत आई उद्याच्या बाजाराची मेथी निवडत होती. दारात येऊन म्हणाली, "का झालं वं?"

"काही नाही."

"मंग रडून काहून राहिली?"

मी रडतेय हे मला तिनं विचारल्यावर कळलं.

आमच्या वऱ्हाडात ळ जिभेवर टिकत नाही. त्याचा य होतो. केळं नाही, केयं. शाळा नाही, शाया. आई मूर्तिजापूरच्या बाजारात बसून "फयं घ्या, ताजी फयं" असं ओरडते आणि कोणाचंही काही बिघडत नाही. गिऱ्हाईक फळंच घेऊन जातं. मी अकोल्याला कॉलेजात गेले, तेव्हा एका सरांनी भर वर्गात उभं करून मला 'केळं' म्हणायला लावलं होतं. जमेपर्यंत. माझा बाक हसत होता, मागचा बाक हसत होता, सरही हसत होते. त्या दिवशी मी तोंडातल्या प्रत्येक य वर पहारा बसवला. य आला की थांबायचं. हा खरा य, की ळ चा झालेला य? खरा असेल तर जाऊ द्यायचा. नसेल तर तिथल्या तिथे ळ करायचा.

अशी बोलत बोलत मी एम.कॉम. झाले. अशी बोलत बोलत पुण्याच्या कंपनीची मुलाखत दिली. आणि त्या तासाला पहाऱ्यानं भलत्यालाच धरलं. व्यवसायातला य खरा होता हो. पुण्याचा माणूस ही चूक करूच शकत नाही. माझी आईही करत नाही. ती धंदा म्हणते आणि मोकळी होते. ही चूक भ्यालेल्या माणसाची आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या समन्वयक ताईंचा फोन आला. आवाज इतका गोड, की रागही धरता येईना.

"तुमचे पाठ खूप छान असतात. तक्रार फक्त उच्चारांची आहे. आपण असं करू या, पाठ तुम्हीच लिहायचे, कॉम्प्युटरवरचं सगळं तुम्हीच करून दाखवायचं. बोलेल मात्र इथली एक मुलगी. तुम्हालाही ताण नको."

मी हो म्हणाले. मूर्तिजापुरात एम.कॉम. झालेल्या बाईला दुसरं काम कुठे आहे? लग्न कर म्हणणारे मात्र पुष्कळ आहेत.

तेव्हापासून पडद्यावर माझा चेहरा असायचा आणि आवाज दुसरीचा. मी तक्त्यात आकडे भरायची, सूत्र लिहायची, बाण फिरवायची. ती पुण्याहून बोलायची, "बघा मुलांनो, आता आपण बेरीज करू या." मी मान डोलवायची. माझ्या माइकवर लाल काट असायची. बाहेरच्या जगात कोणी कोणाच्या तोंडाला असं कुलूप लावलं तर चार माणसं विचारतील तरी. इथे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

विचारलं एकटीनं. त्या वर्गात जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या काही मुलांना फुकट प्रवेश होता. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचे फोटो असत. त्यात तिवस्याची एक सातवीतली पोरगी होती. तिच्या चौकोनावर नाव दिसायचं, 'आईचा मोबाईल'. कॅमेरा बंद, माइक बंद. ती कधी बोललीच नव्हती. तिनं चॅटमध्ये फक्त मला दिसेल असं लिहिलं, "मॅडम तुमी काहून नाही बोलत? आमच्या घरी बी फय म्हणतात."

मी ती ओळ दोनदा वाचली. मग लिहिलं, "तुमच्या घरी कोणतं फय येते?"

"फय नाही. फुलं. झेंडू अन शेवंती. माय बसस्टँडवर हार विकते."

तिथून आमचं सुरू झालं. तास चालू असायचा, वर दुसरीचा आवाज बोलत असायचा आणि खाली आम्ही दोघी लिहून बोलायचो. तिचं डोकं तल्लख. मुलांनी आपापल्या छोट्या व्यवसायाची योजना करायची होती. तिनं ठरवलं, लग्नाच्या हारांची मागणी मोबाईलवर आदल्या दिवशी घ्यायची. म्हणजे फुलं तेवढीच तोडायची, उकिरड्यावर जायची नाहीत. आईच्या मोबाईलवर बोटानं सरकवत सरकवत तिनं पूर्ण तक्ता भरला. शेवटी लिहिलं, "मॅडम हे मीच सांगन. मले बोलाचं हाये."

मला इतका आनंद झाला की मी आईला जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "पोट्टी धीराची हाये."

सादरीकरणाच्या दिवशी सगळे पालक आले होते. पुण्याची मुलं एकेक करून बोलली. छान बोलली, खोटं कशाला सांगू. तिवस्याच्या पोरीनं मला लिहिलं, "मॅडम मी चुकली तं?" मी लिहिलं, "चुकली तं चुकली." तिची पाळी आली आणि शिक्षकांच्या चॅटमध्ये समन्वयक ताईंची ओळ उमटली. "तिवस्याच्या मुलीचं आपली इथली मुलगीच वाचून दाखवेल. पालक आहेत. रिस्क नको."

पुण्याच्या मुलीनं घसा खाकरला. 'आईचा मोबाईल'वरची काट तशीच होती.

स्वतःसाठी मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तिच्यासाठी उघडलं. मी माइकची काट काढली.

"ताई, तिले बोलू द्या. तिचं हाये ते."

माझ्या बोलीत बोलले. पहारा बिहारा काही नाही. मग त्या चौकोनातली काट निघाली. आधी एसटीचा हॉर्न ऐकू आला, मग पोरीचा श्वास. मग अगदी बारीक, जपून जपून धरलेला आवाज.

"नमस्कार. माझ्या व्यवसाळाचं नाव..."

वर्ग फुटला. पोरं हसली, पोरांचे आईबाप हसले. 'व्यवसाळ' हा त्या वर्गातला जुना विनोद होता, माझ्या नावानं चालणारा. त्यांना वाटलं, ही मुद्दाम करते. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. तिनंही घरी बसून आपल्या प्रत्येक य वर पहारा बसवला होता. तिला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्यावर हसलेलं तिनं ऐकलं होतं, तेवढं पुरलं.

चौकोनात पुन्हा काट आली.

"हसणं झालं असन तं ऐका," मी म्हणाले. "आमी फयाले फय म्हणतो. तुमी हसता म्हणून भेतो. भेतो म्हणून व्यवसाळ म्हणतो. चूक आमची नाही. ते तुमच्या हसण्याची हाये."

आणखी बोलायचं होतं. पडद्यावर लिहून आलं की माझा माइक बंद करण्यात आला आहे. नंतर वर्गाची लिंकच उघडली नाही. मला काढलं, असंही कोणी सांगितलं नाही. फक्त उघडली नाही.

मी अमरावतीला गाडी बदलून तिवस्याला गेले. बसस्टँडवर हारवाली बाई सापडली. तिच्याजवळ बसून पोरगी शेवंती ओवत होती. मी "काय वं" म्हटलं आणि तिनं आवाजावरून मला ओळखलं. मान वर केली नाही. सुईत फूल घालत राहिली. तिची आई म्हणाली, "ते आता नाही बसत क्लासले. म्हणते, मले बोलताच येत नाही."

मी उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. पोरीला बोलतं करायला आले होते. बोलणं हेच तर तिचं गेलं होतं. परतीच्या गाडीत पदर तोंडात धरून रडले.

आता मी संध्याकाळी माझ्याच मोबाईलवरून शिकवते. मूर्तिजापूरची पोरं असतात, आजूबाजूच्या खेड्यांतली असतात. तक्ता कसा करायचा, खर्च कसा लिहायचा, धंदा कसा मांडायचा. सगळ्यांचे माइक उघडे. बकऱ्या ओरडतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, कोणाची आजी मध्येच प्रश्न विचारते. चालतं. मी मले म्हणते, तुले म्हणते, फय म्हणते. व्यवसाय आला की व्यवसाय म्हणते आणि आता कुठेच अडत नाही.

तिवस्याला लिंक रोज पाठवते. 'आईचा मोबाईल' अजून आलेला नाही. मी पाठवणं थांबवणार नाही.

आणि एक गोष्ट राहिली. त्या दिवशी, भर वर्गात, मी त्या माणसाला सॉरी सर म्हणाले होते. ती पोरगी ऐकत होती.

ते सॉरी मी परत घेते.